नाखव्याच्या घरी आलेली पाहुणी

आमच्या सूर गावात परक्या माणसाने कसं वागावं, हे आपल्याइतकं कुणालाच कळत नाही, असं माझ्या नवऱ्याचं, मयूफचं, ठाम मत आहे. टॅक्सी चालवतो तो. मस्कतहून येणारा प्रवासी गाडीत बसला की याचं तोंड सुरू होतं, ते खाडी दिसेपर्यंत. उन्हाळ्यात येऊ नका, वितळाल. खांदे नि गुडघे झाका. बायकांचे फोटो न विचारता काढू नका. शुक्रवारी दुपारी दुकानं बंद असतात, आधीच खाऊन घ्या. कॉफी पुरे झाली तर पेला हलवून परत द्या, नाहीतर ओतणारा ओततच राहील. इथवर सगळं खरं. पण नुसतं खरं बोलून मयूफचं समाधान होत नाही, मग तो पदरचं घालायला लागतो.

नाखवा सलूम वारला त्या आठवड्यात त्याने पोलंडची एक बाई आणली. दानूता तिचं नाव. साठीची, उंच, गुलाबी गालांची. आमच्या गल्लीत मयूफच्या भावाचं घर आहे. तो जुने कंदील, होकायंत्रं वगैरे मांडून ठेवतो आणि पाहुण्यांना चहा पाजतो. मयूफने तिला गल्लीच्या तोंडाशी सोडलं आणि सांगितलं, "कोरीव दार उघडं दिसेल, बाहेर चपला असतील. विचारायचं नाही, सरळ आत जायचं. बायकांमध्ये बसायचं."

गल्लीत कोरीव दारं दोन आहेत. पण दुसरं, नाखव्याचं दार दुखवट्यासाठी उघडं असेल, हे मयूफच्या ध्यानीमनीच नव्हतं. कारण सलूम जिवंत होता तोवर ते दार शेजाऱ्यालासुद्धा उघडलं नव्हतं. असला चिक्कू माणूस. कॉफीचा वास बाहेर जाऊन कुणी आत येईल म्हणून खिडक्या लावून घ्यायचा.

तर आम्ही सगळ्या आत दुखवट्याला बसलो होतो. मध्ये झुवैना खाला. सलूमची बायको, माझ्या आईची सख्खी बहीण. मी कॉफी ओतत होते. म्हाताऱ्या एकेक करून सलूमचं कौतुक करत होत्या. दर्यासारखं मन होतं हो त्याचं, असं म्हणताना एकमेकींकडे बघत नव्हत्या. तेवढ्यात दारात ही बाई. अंगात पोपटी झगा, त्यावर जरीच्या वेली. लग्नातला. माझ्या नणंदेच्या दुकानातला, म्हणजे यातही मयूफचा हात होताच. बाईने छातीवर हात ठेवला आणि शिकवलेलं अरबी वाक्य घडाघडा म्हणून दाखवलं.

"या घरातला आनंद असाच वाढत राहो!"

एकही बाई हलली नाही. दानूताला वाटलं उच्चार चुकला. तिने तेच वाक्य पुन्हा, जरा मोठ्याने म्हटलं आणि आमच्यात येऊन बसली.

मग कुजबुज सुरू झाली. सलूमने उभं आयुष्य जहाजावर काढलेलं. कुठकुठली बंदरं केली, ते त्यालाच ठाऊक. शेजारची शम्मा माझ्या कानाशी लागली, "तिकडची दिसतेय. दुसरी."

"शम्माबाई, गप बसा."

"मी काय केलं? झगा बघ की तिचा. वाटणी मागायला आलीय."

खालाने ते ऐकलं. तिचे कान अजून शाबूत आहेत. ती मला म्हणाली, "रय्या, तू शाळेत इंग्रजी शिकवतेस ना? मग विचार तिला. ती सलूमची बायको आहे का?"

"खाला, काहीतरीच काय!"

"विचार म्हणते ना."

मी विचारलं. दुसरं काय करणार? दानूता म्हणाली, "सलूम कोण?" मी सांगितलं, या घरचे मालक, काल वारले, आणि तुम्ही आत्ता त्यांच्या विधवेला आनंद वाढत राहो म्हणालात. बाईचा चेहरा पांढराफटक पडला. ती उठायला लागली, तर झग्यात पाय अडकून पुन्हा खालीच बसली. "तो ड्रायव्हर..." एवढंच ती म्हणाली. तो ड्रायव्हर माझा नवरा आहे, हे मी त्या वेळी भाषांतरात घेतलं नाही.

खालाला सगळं सांगितलं तेव्हा तिने ओढणी तोंडावर घेतली. खांदे हलायला लागले. म्हाताऱ्या पुढे सरकल्या, रडू दे, रडू दे, मोकळी हो. ओढणी बाजूला झाली तर खाला हसत होती. डोळ्यांत पाणी, आणि हसणं थांबेना.

"सकाळपासून सगळ्या मला सांगतायत तो किती चांगला होता. ही एकटी अभिनंदन करायला आली! बस गं बाई, बस. उठू नकोस."

तिने दानूताला हाताला धरून जवळ घेतलं. विचारलं, नवरा आहे का? दानूता म्हणाली, नाही, वारला. मग दुखवट्याला कोण आलं होतं? दानूताने जरा आठवलं. "मुलगा आला होता. बाकीच्यांनी कार्डं पाठवली." कार्डं म्हणजे काय ते मी खालाला समजावलं. मग जेवण आलं तेव्हा तिने स्वतःच्या ताटातलं मांस तोडून दानूतापुढे ठेवलं आणि मला म्हणाली, "हिला सांग, आज तिच्याही नवऱ्यासाठी बसलोय."

मी सांगितलं. दानूता आधी नुसती मान हलवत राहिली आणि मग अशी रडली, की शम्माच तिला पाणी द्यायला धावली.

दानूता कासवं बघायला आली होती, जहाजांचा कारखाना बघायला आली होती. त्यातलं काही बघितलं नाही. दुखवट्याचे दिवस संपेपर्यंत रोज सकाळी साधा काळा झगा घालून येत होती आणि आमच्याबरोबर पेले विसळत होती.

मयूफला खालाने दाराबाहेर उभं केलं आणि आतून झापलं. "माझ्या घरी लग्नाचा झगा घालून पाठवतोस?"

"खाला, रंग तिला खुलून दिसत होता."

"तुझी जीभही कापून दाराला टांगली तर खुलून दिसेल. हो पुढे, पुरुषांकडची भांडी घास."

त्याने घासली. वाईट घासली, मला पुन्हा घासायला लागली.

दानूता गेली त्याला आता वर्ष होत आलं. खालाने माझ्याकडून फोनवर चेहरा दिसतो तो प्रकार शिकून घेतला. दर आठवड्याला दोघी तासभर बोलतात. खाला अरबीत, दानूता पोलिशमध्ये. मी मध्ये बसायला गेले तर खाला मला हाकलते.

परवा मी विचारलं, "अगं, एकमेकींचं एक अक्षर कळत नाही, बोलता तरी काय?"

"ती तिच्या नवऱ्याची आठवण काढते," खाला म्हणाली. "मी माझ्याला शिव्या घालते. दोघींनाही बरं वाटतं."