हीटरवरचा झरोका

सकाळी आईच्या खोलीत येऊन त्याने पेटती मेणबत्ती खिडकीच्या चौकटीवरून सावकाश फिरवली. ज्योत जागची हलली नाही. कडीपाशी नाही, तळाशी नाही, कोपऱ्यातसुद्धा नाही. स्वारी खूश झाली.

गावभरच्या जुन्या घरांच्या फटी बुजवून थंडी बाहेर ठेवायची, हा त्याचा धंदा. स्वतःच्या घराची मात्र चाळण झालेली. "लोकांच्या घरी ऊब आणि आईच्या उशाशी वारा," आई उठता-बसता ऐकवायची. यंदा तिच्या दम्याने उचल खाल्ली, खोली गरम ठेवा म्हणून डॉक्टरांनी बजावलं, तेव्हा मात्र त्याला खरोखर लाज वाटली. काल दिवसभर खपून त्याने तिच्या खोलीतली एकूण एक फट फुगून घट्ट बसणाऱ्या फोमने बुजवली. खिडकी तर अशी चिकटवली की थंडी सरेपर्यंत उघडायला नको.

"अहो, आई चहाला उठत नाहीयेत," बायको दारातून म्हणाली.

"झोपू दे तिला. किती दिवसांनी ऊब मिळालीय."

"काल जेवल्यापासून एक टोमणा नाही मारला हो त्यांनी."

तो हसला. कपाळ ठणकत होतं, ते त्याने दमणुकीवर ढकललं होतं.

"रात्रभर त्यांच्यापाशी होते ना, माझंही डोकं धरलंय," ती म्हणाली, आणि त्याचं हसू ओठांवरच राहिलं.

गॅसच्या हीटरची निळी ज्योत पिवळी पडली होती. त्याने वर पाहिलं. हीटरच्या डोक्यावर मुठीएवढा झरोका असायचा, तिथे आता फोमचा गुळगुळीत गोळा होता. काहीही बुजवा, पण हीटरची हवा बुजवू नका, खोलीत विषारी वायू साचतो, असं तो गिऱ्हाइकांना दटावून सांगायचा. आईच्या खोलीत मात्र मेणबत्ती तिथे फडफडली, एवढंच त्याला दिसलं होतं.

हीटर बंद करून त्याने आईला हलवलं. तिची मान कलंडली.

"खिडकी उघडा ना!"

"उघडत नाही गं." नखं तुटेस्तोवर त्याने चौकट ओढली. त्याच्या हातचं काम, ते कुठलं ढिलं पडायला. मग त्याने हातोडा उचलला आणि काच फोडली. बायको फोनकडे धावली.

बोचरा वारा आत घुसला. आईला रजईसकट उचलून तो फुटक्या खिडकीशी बसला. त्याला रडू आवरेना.

"आई, बोल काहीतरी. शिव्या दे मला. आई."

तो तिची पाठ चोळत राहिला. मग ती खोकली. डोळे न उघडताच तिने कपाळाला आठ्या घातल्या.

"एक फट राहिली रे तुझी," ती पुटपुटली.

"हो, आई," तो म्हणाला, आणि तिचं तोंड वाऱ्याकडे धरून बसून राहिला.