स्टिअरिंगमधले मोजे

मित्रांनो, मी एक जुनी तांबडी गाडी आहे आणि मला माझ्याच वासाची किळस येते. गाडीला कसली आलीय किळस, असं तुम्ही म्हणाल. माझ्या सीटखाली सांडलेलं दूध चौदा महिने तिथेच कुजत पडलं होतं. अशा दुधावर व्हॅनिलाचा फवारा मारला की कसा दर्प सुटतो, तो एकदा घेऊन बघा आणि मग मला विचारा.

जन्मतः मी अशी नव्हते. २००७ साली जपानच्या एका कारखान्यात माझा सांगाडा जोडला गेला. जहाजाने मी आयर्लंडमध्ये, डब्लिनच्या बंदरात उतरले आणि तिथून उत्तरेला, सीमेजवळच्या डंडॉक गावात आले. नोरा मॅकार्डल नावाच्या निवृत्त शिक्षिकाबाईंनी मला घेतलं. त्या दर शनिवारी मला कोमट पाण्याने धूत. चिखलाचे बूट वर्तमानपत्रात गुंडाळल्याशिवाय आत ठेवत नसत. त्यांचा म्हातारा कुत्राही आपल्या घोंगडीवर शहाण्यासारखा बसे. बारा वर्षं मी अशी सुखात काढली. मग बाईंचे गुडघे पार गेले, त्या वृद्धाश्रमात राहायला गेल्या आणि जाताना माझी किल्ली पुतण्याच्या हातावर ठेवून म्हणाल्या, "नीट वापर हं हिला."

पुतण्याचं नाव कीरन. घाण म्हणजे काय, ते मला त्याने शिकवलं. व्हिनेगरने भिजलेले चिप्सचे कागद, विझवलेली सिगारेटची थोटकं, अर्धवट प्यालेल्या बाटल्या, सगळं माझ्या सीटांखाली. २०२०च्या फेब्रुवारीत, पावसाळी रस्त्यावर, फोन बघत बघत त्याने मला दगडी भिंतीवर घातलं. माझं नाक चेपलं. पण त्याच क्षणी माझ्यातल्या दोन्ही एअरबॅगा फाडकन फुगल्या आणि स्टिअरिंगमधलीने त्याचं डोकं झेललं. कीरन साधा ओरखडाही न उठता बाहेर पडला. बाहेर आला आणि त्याने मला लाथ मारली.

मग ट्रॅक्टरने ओढून त्याने मला एका शेतात टाकलं. महिन्याभरात लॉकडाऊन लागला. फुटक्या काचेतून कोंबड्या आत आल्या आणि मागच्या सीटवर अंडी घालू लागल्या. कीरनने सांडलेलं दूध कार्पेटखाली आंबलं, कार्पेटवर बुरशी चढली. मला वाटलं, याहून वाईट आता काय व्हायचं आहे?

पण २०२१च्या वसंतात डेक्लन आला. गावाबाहेर जुन्या गाड्या विकण्याचं त्याचं आवार होतं. त्याने मला तिथे नेलं. दुसऱ्या एका तांबड्या गाडीचं बॉनेट काढून मला बसवलं, काच घातली, रंग मारला, वासावर व्हॅनिलाचा फवारा मारला. किलोमीटरचा आकडा निम्म्यावर आणला. एअरबॅग एकदा फुगली की संपली, तिथे नवीनच बसवावी लागते. डेक्लनने कोपऱ्यातून फुटबॉलच्या मोज्यांची एक जोडी उचलली. मोजे वापरलेले होते, घामाने ताठ झालेले. ते त्याने माझ्या स्टिअरिंगच्या पोकळीत कोंबले आणि वर झाकण गोंदाने चिकटवलं. शेजारच्या सीटसमोरच्या पोकळीत फोमचे तुकडे भरले. एअरबॅग नसली की चालकासमोर धोक्याचा दिवा पेटून राहतो. त्या दिव्याची तार त्याने इंजिनचं तेल दाखवणाऱ्या दिव्याला जोडून टाकली, म्हणजे किल्ली फिरवली की दोन्ही दिवे एकदम लागायचे आणि इंजिन सुरू झालं की एकदम विझायचे. हे सगळं करताना तो शीळ घालत होता. मित्रांनो, मला कोंबड्यांचा राग नाही. त्या निदान शीळ घालत नव्हत्या.

जूनमध्ये सबनीस कुटुंब आलं. प्रताप सबनीस मूळचा नागपूरचा, डंडॉकजवळ इंजेक्शनच्या सुया बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. एक सुई वाकडी सापडली तर अख्खा ढीग परत पाठवायचा, हे त्याचं रोजचं काम. बायको वृंदा एका ऑनलाइन कंपनीचं काम घरून करायची. मुलगी मुक्ता अठरा वर्षांची, नुकतीच शाळा संपलेली. तिला नर्सिंगला जायचं होतं. पुढे ड्रोहेडाच्या हॉस्पिटलात सकाळच्या पाळीला जावं लागणार आणि त्या वेळी बस नसते, म्हणून गाडी. प्रतापने आधी अकरा गाड्या पाहून नाकारल्या होत्या. त्याच्या हातात तपासायच्या गोष्टींचा छापील कागद होता.

"एकाच बाईंची गाडी, शिक्षिका होत्या," डेक्लन म्हणाला. त्याचा मास्क हनुवटीवर होता. "चर्च आणि दुकान, एवढीच फिरली. मुलीसाठी अगदी ग्रँड. सरकारी तपासणीच्या तारखा तेवढ्या तुंबल्यात, पण तुमचा नंबर लागला की होऊन जाईल."

"प्रताप, एअरबॅग बघ आधी," वृंदा म्हणाली.

"आहे की. हे बघ, स्टिअरिंगवर लिहिलंय," प्रताप म्हणाला आणि कागदावर बरोबरची खूण केली.

"इट्स ग्रँड, बाबा," मुक्ता म्हणाली. ग्रँड म्हणजे इकडच्या बोलीत नुसतं 'छान'. तिला घरचं सगळं मराठी समजायचं, पण उत्तर इंग्रजीतच यायचं.

प्रताप, वृंदा आणि मुक्ता, तिघांनीही मास्कवर मास्क घातले होते. माझा वास त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही.

घरी आल्यावर मात्र पोचला. वृंदाने पहिल्या रविवारी मास्क न लावता दार उघडलं आणि नाकाला पदर लावावा तशी बाहीच लावली. दोन दिवस ती खाण्याचा सोडा घेऊन घासत होती. कार्पेट उचललं तेव्हा खाली पिसं निघाली आणि कोंबड्यांची वाळलेली विष्ठा. "चर्चला काय कोंबड्या घेऊन जायची ती बाई?" ती म्हणाली. प्रताप हसला. जुन्या गाडीत एवढं चालायचंच, म्हणाला. मुक्ता मात्र माझ्यावर खूश होती. दोन महिने रोज संध्याकाळी ती बापाला शेजारी बसवून मला चालवायची. तिचे हात स्टिअरिंगवर असायचे, छाती त्या झाकणासमोर. प्रत्येक वळणावर मला त्या दगडी भिंतीची आठवण यायची आणि मला बोलता येत नव्हतं.

ऑगस्टच्या शेवटी एका अरुंद रस्त्यावर समोरचा ट्रॅक्टर मागे यायला लागला. मुक्ताने हॉर्न दाबला. वाजला नाही. तिने पुन्हा दाबला, जिवाच्या आकांताने दाबला. ट्रॅक्टरवाल्याला आरशात आम्ही दिसलो म्हणून निभावलं. दुसऱ्याच दिवशी ते मला ब्रेन्डन नावाच्या वयस्क मेकॅनिककडे घेऊन गेले. हॉर्न दुरुस्त करायचा तर झाकण उघडावं लागतं. ब्रेन्डनने ते उघडलं, थोडा वेळ आत पाहत राहिला आणि मग चिमट्याने एक मोजा बाहेर ओढला. करडा झालेला, गोंदाने कडक. त्यामागून दुसरा.

"हे करणारा माणूस नाही, जनावर आहे," ब्रेन्डन हळूच म्हणाला. त्याने दुसऱ्या बाजूचं झाकणही काढलं आणि फोमचे तुकडे प्रतापच्या हातात दिले. "गाडी कुठे धडकली असती तर तुमच्या पोरीचं डोकं थेट या लोखंडावर गेलं असतं."

मुक्ता तोंडावर हात धरून बाहेर गेली. प्रतापने फोम मुठीत दाबला, सोडला, पुन्हा दाबला. तो सुया नाकारणारा माणूस. त्याने स्टिअरिंगवरची अक्षरं वाचून खूण केली होती.

तो डेक्लनकडे गेला. डेक्लन म्हणाला, "बघूनच घेतलीत ना? सही तुमचीच आहे. मलाही ती तशीच मिळाली." आणि त्याने पाठ फिरवली.

मित्रांनो, इथवरची घाण परक्यांची होती. पुढची ऐकायला तुम्हाला जड जाईल, कारण ती त्या माणसाची आहे जो मला आवडायला लागला होता.

प्रतापचा एक मित्र होता, हरीश. तो म्हणाला, "अरे, कोर्टकचेरी कुठे करत बसतोस परदेशात? फसलास तसा निघ बाहेर. घेणारे चिक्कार आहेत. तो नवा आलाय ना ज्ञानेश, तुमच्या नागपूरचाच. त्याला गाडी हवीय."

"त्याची बायको सात महिन्यांची गरोदर आहे," प्रताप म्हणाला.

"म्हणूनच तर घाई आहे त्याला. आणि सगळ्याच गाड्या कुठे धडकतात?"

प्रतापने विषय बदलला. पण शनिवारी वृंदा आणि मुक्ता बाजारात गेल्या असताना तो माझ्यापाशी आला. त्याने कोविडसाठी आणलेले निळे हातमोजे घातले. मोजे पुरावा म्हणून त्याने पिशवीत ठेवले होते. ते त्याने बाहेर काढले आणि माझ्या स्टिअरिंगमध्ये परत कोंबले. फोमही जागच्या जागी भरला. गोंदाची नळी पिळताना त्याचं तोंड आंबट झालं होतं, पण हात थांबले नाहीत. डेक्लनपेक्षा त्याने काम जास्त सफाईने केलं. मला आजही त्या दोन मिनिटांची सगळ्यात जास्त शिसारी येते.

रविवारी सकाळी ज्ञानेश आणि त्याची बायको स्वरूपा बसने आले. स्वरूपा माझ्या पुढच्या सीटवर जपून बसली आणि पोटाखाली पट्टा कसा घ्यायचा ते बघू लागली.

"दादा, तुम्ही वापरलेली आहे म्हणजे प्रश्नच नाही," ज्ञानेश म्हणाला. "बाहेर कोणावर विश्वास ठेवायचा, काही कळत नाही इथे."

"एका शिक्षिकेची गाडी होती," प्रताप म्हणाला. "फार फिरलेली नाही. चर्च, दुकान..." आणि तो मध्येच थांबला. वाक्य पुरं करायला त्याने पुन्हा तोंड उघडलं.

दारात मुक्ता उभी होती. तिने झाकणाच्या कडेला गोंदाची ताजी रेष पाहिली होती. ती धावत माझ्यापाशी आली, स्वरूपाचा हात धरला आणि म्हणाली, "काकू, उतरा. ह्या गाडीत एअरबॅग नाही. आत घाणेरडे मोजे भरलेत. बाबांना माहीत आहे."

इतकं मराठी तिच्या तोंडून त्या घराने कधी ऐकलं नव्हतं. वृंदा तिच्यामागे पायरीवर येऊन थांबली. मोजे परत कोंबल्याचं तिला काहीच ठाऊक नव्हतं. तिने नवऱ्याकडे असं पाहिलं, जसं कार्पेट उचलल्यावर खाली पाहिलं होतं.

स्वरूपा उतरली. मग ती म्हणाली, "दहा दिवस झाले ना दादा, आम्ही तुमच्याकडे गणपतीला जेवून गेलो त्याला?" ज्ञानेशने तिची पिशवी उचलली आणि दोघं बसच्या थांब्याकडे चालत गेली.

ती दिसेनाशी झाल्यावर प्रतापने नुसत्या हातांनी माझं झाकण उपटलं. मोजे बाहेर ओढले. मग तो माझ्या दाराला धरून वाकला आणि गटारात ओकला. वृंदाने त्याला पाणीही आणून दिलं नाही.

सोमवारी तो पोलीस ठाण्यात गेला. ठाण्यातल्या बाईंनी जबाब लिहून घेतला. डेक्लनने काय केलं ते त्याने सांगितलं आणि लेखणी थांबल्यावर म्हणाला, "अजून आहे. मीही तेच करायला निघालो होतो. तेही लिहा." पोलिसांनी माझे फोटो घेतले, तारा आणि झाकणं काढून नेली. डेक्लनच्या आवारात आणखी दोन गाड्यांमध्ये पोकळ्या तशाच भरलेल्या सापडल्या. खटला चालू आहे. प्रतापने ज्ञानेशला लांबलचक पत्र लिहिलं. दीड महिना उत्तर आलं नाही. नोव्हेंबरात ज्ञानेशचा फोन आला, तोही एवढाच की तुमचा तो मेकॅनिक आम्ही घेतोय ती गाडी तपासून देईल का. प्रताप त्याला बसने ब्रेन्डनकडे घेऊन गेला. वाटेत ज्ञानेश म्हणे मागच्या सीटवर बसला होता आणि खिडकीबाहेर बघत होता.

मुक्ता आठ दिवस बापाशी बोलली नाही. नंतर बोलायला लागली, पण पूर्वीसारखं चिडवत नाही. ब्रेन्डनने तिच्यासाठी एक गाडी शोधून दिली. मळकट तपकिरी रंगाची, दिसायला सामान्य. पण घ्यायच्या आधी त्याने तिच्यासमोर एकेक झाकण उघडून आतली एअरबॅग दाखवली. ती गाडी चालवत मुक्ता लायसन्सची परीक्षा पास झाली.

आणि मी? ब्रेन्डन गावच्या अग्निशमन दलात स्वयंसेवकही आहे. अपघातात अडकलेल्या माणसांना बाहेर काढायचा सराव करायला त्यांना जुन्या गाड्या लागतात. पोलिसांचं काम झाल्यावर प्रतापने मला तिथे दिलं. आज सकाळी एक तरुणी माझ्या चालकाच्या जागी जखमी असल्यासारखी बसली. बाकीच्यांनी मोठ्या कात्रीने माझ्या छपराचे खांब कापले, छप्पर उचललं आणि मान जराही न हलवता तिला फळीवर घेतलं. पहिल्या खेपेला त्यांना वेळ जास्त लागला. म्हणून त्यांनी दुपारी माझी दारं कापून पुन्हा सराव केला. आता मी जवळपास संपले आहे. छप्पर गेल्यापासून वारा येतो आणि वास कमी झाला आहे.

मित्रांनो, एकच मागणं आहे. मोठे झाल्यावर कधीतरी तुमचीही एखादी जुनी वस्तू तुम्ही दुसऱ्याला द्याल. तिच्यात काय बिघडलं आहे, ते तुम्हाला ठाऊक असेल. ते समोरच्याला आधी सांगा, तो बसायच्या आधी. तो नको म्हणून निघून गेला तर जाऊ द्या. आम्हाला बोलता येत नाही हो. आमच्या वतीने तुम्हालाच बोलावं लागतं.