साताखालची रेघ

दोन स्क्रूंपैकी वरच्याची खाच स्वच्छ होती आणि खालच्याची मातीनं भरलेली... माती नव्हे, तेल आणि धूळ मिळून वर्षानुवर्षं जमलेला काळा चिकट थर. गाउडेन्त्स तो टाचणीच्या टोकानं इतक्या सावकाश उकरत होता की कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, या माणसाला आज दुसरं काही काम दिसत नाही. नव्हतंच. शनिवार होता, सकाळचे दहा वाजले होते आणि कुर्दीन चारला येणार होता. मधले सहा तास काढायचे होते, त्यातली वीस मिनिटं टाचणीनं खाल्ली.

टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर बंदुकीचा नुसता दस्ता ठेवलेला. नळी नाही, चाप नाही. बुडाला बसवलेला पत्रा आणि त्याचे हे दोन स्क्रू सोडले तर लोखंड म्हणून नाही. कुर्दीननं तो कूर शहराच्या जुन्या बाजारात उचलला होता. कुर्दीन शाळेची बस चालवायचा, चौतीस वर्षांचा गडी, आणि सुटीच्या दिवशी तो आणि त्याचे दोस्त रानात प्लॅस्टिकच्या छर्ऱ्यांची लढाई खेळायचे. एअरसॉफ्ट म्हणतात त्याला. पोटं सुटलेले बाप्ये पलटणीचे जुने डगले चढवून एकमेकांवर छर्रे झाडतात आणि लागला की इमानदारीत हात वर करून ‘मेलो’ म्हणतात. या खऱ्या दस्त्यात त्याला खेळण्यातल्या बंदुकीचं यंत्र बसवायचं होतं. त्यासाठी लाकूड आतून कोरावं लागणार. पण दस्ता नेमका कुठला, सन अकराच्या नमुन्याचा की एकतिसाच्या, ते आधी कळायला हवं, आणि दुर्मीळ निघाला तर त्याला पटाशी लावायची कुर्दीनची छाती नव्हती.

“उस्ताद, तुम्ही म्हणाल ते प्रमाण,” तो पहिल्या शनिवारी म्हणाला होता. “हे तुझ्या आजीचं लाटणं आहे म्हणालात, तरी मान्य.”

गाउडेन्त्सला दारातच कळलं होतं. दस्ता अजून कुर्दीनच्या काखेत होता तेव्हाच. एकतिसाचा नमुना, बीचचं लाकूड, म्हणजे महायुद्धानंतरचा, अक्रोडाचं लाकूड वापरणं बंद झाल्यावरचा. असे ढिगानं झाले. हातच्या कांकणाला आरसा कशाला? शस्त्रागारात बावीस वर्षं त्यानं दुसरं केलं काय होतं? पण तोंडातून निघालं ते भलतंच. “ठेवून जा,” तो म्हणाला, “बघावं लागेल. लाकूड जरा... वेगळं वाटतंय.”

आणि कुर्दीन बसला. कॉफी प्याला, नाशपातीच्या पावाचे तीन काप खाल्ले, आणि मागच्या लढाईत तो तासभर काटेरी झुडपात दबा धरून बसला असताना त्याच्याच बाजूच्या माणसानं त्याच्या ढुंगणावर छर्रा कसा मारला ते उभं राहून, अभिनयासकट सांगितलं. तो गेल्यावर कप विसळताना गाउडेन्त्स थबकला. दुसरा कप. या घरात दुसरा कप शेवटचा कधी विसळला, हे काही केल्या त्याला आठवेना.

मग दुसरा शनिवार. बुडाशी काळा डाग आहे, तो एवढा वर कसा चढला असेल बुवा? डाग कसा चढतो हे त्याला पाठ होतं. बंदुका बर्फात उभ्या करायच्या, आणि खिळ्यांच्या बुटांना चिकटलेला बर्फ दस्त्यावर लाथ मारून झाडायचा. ओलही लागते आणि खवलेही निघतात. मग तिसरा शनिवार... तेव्हा कुठलं कारण काढलं होतं? अडुसष्टाव्या वर्षी थापा मारायला शिकतोय. पण फसवतोय म्हणावं तर कॉफी पाजतोच आहे ना मी... पाव काय फुकट येतो?

पत्रा मात्र त्यानं तीन आठवडे उघडला नव्हता.

कारण पत्र्याखाली चिठ्ठी असते. इथला प्रत्येक गडी शिपाई; बंदूक मिळाली की ती घरी न्यायची, कपाटामागं उभी करायची, आणि कागदाच्या कपट्यावर आपलं नाव, गाव, पलटण लिहून तो कपटा बुडाच्या पत्र्याखाली सरकवायचा. बाप हेच करायचा, चुलतेही. माणूस म्हातारा झाला की बंदूक शस्त्रागारात परत यायची आणि चिठ्ठी आतच राहायची. ती काढायचं काम गाउडेन्त्सचं. दोन स्क्रू, पत्रा, चिठ्ठी, पोतं. बंदूक विकायची ती बिननावाची. किती नावं त्या पोत्यात गेली असतील... वाचायचा तो, पण संध्याकाळपर्यंत एकही लक्षात राहत नसे. राहायची ती खूण: चिठ्ठीच्या रिकाम्या जागी, लाकडावर, शिसपेन्सिलीनं तो तारीख घालायचा, तिच्याखाली त्या दिवसाचा अनुक्रम, आणि दिवसाच्या शेवटच्या बंदुकीत त्या आकड्याखाली एक रेघ. कुणी सांगितलं नव्हतं, त्याची त्यानंच पाडलेली पद्धत.

हा दस्ता त्या रगाड्यातून सुटलेला असेल, आत कुणाचं तरी नाव असेल, आणि ते हाती आलं की बघण्यासारखं काही उरणार नाही. कुर्दीन दस्ता काखेत मारून जाईल. पण दर शनिवारी नवा डाग तरी कुठून आणायचा?

खालचा स्क्रू कुरकुरला आणि सुटला. पत्रा निघाला. चिठ्ठी नव्हती.

शिसपेन्सिलीची खूण होती. १४.३.९६. खाली ७. साताखाली रेघ.

आपलं अक्षर ओळखायला माणसाला वेळ लागू नये, त्याला लागला. आधी तर गंमतच वाटली — म्हणजे ही माझ्या हाताखालून गेलेली, आणि मला पत्ता नाही! — आणि मग ती तारीख... चौदा मार्च. गुरुवार होता.

लादीना, त्याची बायको, दारात उभी होती, सकाळीच कोट घालून, हातात छोटी पिशवी. छातीतल्या गाठीचा अहवाल त्या दिवशी मिळायचा होता, कूरच्या दवाखान्यात, दुपारी दोनला. “येशील ना रे?” तिनं विचारलं होतं. आणि तो बुटाची नाडी बांधता बांधता, मान वर न करता, “अगं, शंभरेक बंदुका येऊन पडल्यात. आज मान वर करायला सवड नाही.” ती एकटी गेली, पाऊण तासाच्या गाडीनं एकटीच परत आली आणि बटाटे सोलायला बसली. “काही नाही निघालं,” म्हणाली. “बघ, मी म्हटलं नव्हतं?” असं तो म्हणाला. म्हटलं नव्हतं त्यानं. काहीच म्हटलं नव्हतं.

त्यानंतर तिनं त्याला काही सांगणं बंद केलं. भांडण नाही, आदळआपट नाही. दोन वर्षांनी ती विंटरथूरला बहिणीकडे गेली आणि तिथलीच झाली. लोक विचारायचे तेव्हा तो सांगायचा, काम फार होतं हो त्या काळात, शंभर-शंभर बंदुका यायच्या, बायकोकडे बघायला फुरसत नव्हती. मेहुणीला सांगितलं, चर्चमधल्या पाद्र्याला सांगितलं. इतकी वर्षं सांगून सांगून ते शंभर त्याला दिसायलाही लागले होते, भिंतीशी ओळीनं उभे.

सात. सात बंदुका म्हणजे अकराच्या आत काम संपलं. कूरला जायला साडेअकराची गाडी होती... मग दुपारभर मी काय करत होतो?

आणि आठवलं. तेवीस वर्षं जवळ फिरकलं नव्हतं ते. पेचकसांना धार लावली. फरशी झाडली. झाडलेली फरशी पुन्हा झाडली. मग खोक्यावर बसून समोरच्या घड्याळाकडे बघत राहिला, पावणेदोन, दोन, सव्वादोन, हात मांडीखाली दाबून. भ्यालो होतो मी. त्या दवाखान्याच्या बोळाला भ्यालो; अहवाल वाईट निघाला तर तिचा चेहरा कसा होईल, त्याला भ्यालो. आजाराला नव्हे, चेहऱ्याला. आणि ती तिथं तो चेहरा घेऊन एकटी बसली होती.

त्यानं अंगठा त्या सातावर ठेवला. पुसला असता तर गेला असता, शिसपेन्सिलच ती. अंगठा तसाच ठेवून तो बसून राहिला. जेवायचंही त्याला सुचलं नाही.

चारला घंटा वाजली. कुर्दीन आत आला तो बगलेत कागदाची पुडी घेऊन. “पाव आज माझ्याकडून. दर खेपेला तुमचाच हादडतो, बायको म्हणते लाज आहे का.” त्यानं स्वतःच फडताळातून सुरी काढली — त्याला आता जागा ठाऊक होती — आणि टेबलाशी येऊन उघड्या दस्त्याकडे पाहिलं. “अरे वा, उघडला वाटतं! मग, पटली ओळख?”

गाउडेन्त्सनं पत्रा उचलून उलटा ठेवला.

“नसेल पटली तर राहू द्या की,” कुर्दीन पाव कापत म्हणाला. “घाई कुणाला आहे? आणखी चार आठवडे ठेवा. खरं सांगू, मलाही आता शनिवारी इथं यायची सवय लागलीय.”

किती सोपं होतं. नुसतं हं म्हणायचं होतं. पत्र्याखाली काहीतरी खूण आहे, तिचा अर्थ शोधावा लागेल, असं म्हणायचं. खोटंही झालं नसतं फारसं. चार शनिवार, चार वेळा दोन कप. तेव्हा जायचं नव्हतं म्हणून काम फार होतं, आता कुणी जाऊ नये म्हणून काम संपत नव्हतं... आणि हात पुन्हा मांडीखाली गेले होते.

“पहिल्याच दिवशी पटली होती,” तो म्हणाला. “दारातच. साधा दस्ता आहे. खुशाल कोर.”

पाव कापणारी सुरी थांबली. गाउडेन्त्सची नजर टेबलावर होती, वर्तमानपत्रावर सांडलेल्या काळ्या भुश्यावर, त्या दोन स्क्रूंवर. भीती होतीच; अगदी तेवढीच, तीच. समोर एक चेहरा होता, आणि त्यावर काय उमटलं असेल ते त्याला ठाऊक नव्हतं — राग असेल, हसू असेल, कीव असेल.

त्यानं मान वर केली.