चिमटा सुटला त्या दिवशी

मी एक जुनी सायकल आहे आणि, मित्रांनो, आधीच कबूल करते, मी भारी भित्री आहे. लोखंडाला कसली आली भीती, असे तुम्हाला वाटेल. पण ज्याचे तुकडे सुटे करून दहा गावांना पाठवता येतात, त्याला भीती वाटणारच.

माझा जन्म हॉलंडच्या एका कारखान्यात झाला. तिथून मला लाकडी पेटीत घालून जहाजाने जावा बेटावर आणले. पेटीत काळोख आणि फळीखाली समुद्र. पाणी म्हणजे गंज, एवढे मला तेव्हाही कळत होते. जोगजा शहराच्या दक्षिणेला, बांतुलमधल्या एका इस्पितळाने मला घेतले आणि नव्याने शिकून आलेल्या एका सुईणीच्या हाती दिले. तिचे नाव सुमिनेम. आमच्याकडे बाईमाणसाला मानाने 'बू' म्हणतात आणि पुरुषाला 'पाक', म्हणून ती बू सुमिनेम. माझा सांगाडा मधोमध खाली वाकलेला आहे, त्यामुळे घट्ट गुंडाळलेले बातिक नेसूनही तिला माझ्यावर सहज बसता येई.

मग जपानी सैन्य आले. दिसेल ती सायकल सैनिक ओढून नेऊ लागले. बूने मला कोठारात भाताच्या कोंड्याखाली पुरले. एके दिवशी एक सैनिक कोठारात शिरला आणि बंदुकीचे टोक कोंड्यात खुपसू लागला. एकदा ते माझ्या चाकाच्या आऱ्यांमधून गेले. एकदा माझ्या सीटच्या चामड्यात रुतले.

"नुसता कोंडा आहे हो तो," बू दारातून म्हणाली. "कोंबड्या अंडी घालतात त्यात. फोडू नका म्हणजे झालं."

त्याने चाचपडून दोन अंडी उचलली आणि निघून गेला. बू उंबऱ्यावर बसली. मी तर बराच वेळ कोंड्यातून बाहेर यायलाच तयार नव्हते.

त्यानंतर चाळीसएक वर्षे आम्ही दोघींनी काम केले. भाताच्या बांधांवरून, ओढ्यावरच्या बांबूच्या साकवावरून. साकव करकरला की मी जीव मुठीत धरत असे. पण बूला कुणीतरी वाट बघत असलेले घर दिसत असे. माझी घंटी वाजली की लोक चुलीवर पाणी तापत ठेवत. "आली बूची सायकल," असे म्हणत आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरे. मित्रांनो, इतका मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

बू थकली आणि एके दिवशी गेली. तिच्या मुलाकडे मोटारसायकल होती. त्याने मला शेळ्यांच्या गोठ्यात उभे केले. तो वाईट माणूस नव्हता. मी त्याच्या लक्षातच नव्हते. छपराचे एक कौल फुटले होते आणि पाणी बरोबर माझ्या पाठीवर टपकत असे. शेळ्यांनी सीट कुरतडली. टायर सुकून गळून पडले. मी तिथे किती वर्षे होते ते मोजले नाही. गंज आत कुठवर पोचला, एवढाच विचार मी करत असे.

एव्हाना बाहेरचे जग बदलले होते. जुन्या डच सायकली हुडकून काढणे, नीट करणे, रविवारी जुन्या पद्धतीचे कपडे घालून त्यांवरून रपेट मारणे, याचे लोकांना वेड लागले होते. तुकिजान नावाचा एक व्यापारी गावोगाव फिरून अशा सायकली गोळा करी. त्याने मला गोठ्यातून उचलले तेव्हा वाटले, सुटले बाई!

पण बाजारामागच्या त्याच्या अंगणात पोचले आणि माझ्या अंगातले उरलेसुरले तेल आटले. एका दोरीवर नुसत्या घंट्या टांगल्या होत्या. एका टोपलीत नुसते दिवे. एका भिंतीला हातच हात, म्हणजे हँडलच हँडल. माझ्या शेजारी एक उंच मर्दानी सायकल उभी होती, अंगावर सोनेरी रेघ, ठणठणीत. सकाळी तीन गिऱ्हाइके आली. दुपारच्या नमाजाच्या अजानपर्यंत तिचा दिवा बांडुंगला निघाला होता, सीट सुराबायाला, चाके मलांगला. उरला तो सांगाडा तुकिजानने पायाने बाजूला सारला.

मग तो माझ्याकडे वळला. एकाला माझे चेनकव्हर हवे होते. तुकिजानने पाना लावला, जोर केला, शिव्या घातल्या. पण एकही नट हलला नाही. ज्या गंजाला मी जन्मभर घाबरले, त्यानेच मला घट्ट धरून ठेवले होते.

"थांब, रॉकेल आणतो. मग बघू कशी सुटत नाही ती," तो म्हणाला आणि आत गेला.

तेवढ्यात सायकली दुरुस्त करणारा पाक दारमो अंगणात आला. वय सत्तरीचे, बोटे तेलाने कायमची काळी. त्याच्याबरोबर त्याची मुलगी पार्तिनी होती. ती एका दुकानात खिडक्यांच्या लोखंडी जाळ्या जोडायचे काम करी. दारमोने माझी पुढची बाजू वितीने मोजली, वाकून मागचे चाक फिरवले.

"मापाला बरोब्बर आहे," तो पुटपुटला. "आणि एकही भाग बदललेला नाही. घेतो ही. सगळीच्या सगळी."

सगळीच्या सगळी! मला त्याच्या पायांवर लोळण घ्यावीशी वाटली.

त्याच्या घरासमोरच्या छपरीत त्याने मला उभे केले आणि तिथे मला खरी गोष्ट कळली. छपरीत आणखी एक सायकल होती, निवृत्त शिक्षक पाक हार्जोची. ती त्याच्या वडिलांची आठवण. पुढचे चाक ज्यात बसते त्या चिमट्याला सांध्याजवळ भेग गेली होती. दारमोला माझ्यातला चिमटाच तेवढा हवा होता.

"रविवारी आमची इमोगिरी गावापर्यंत रपेट आहे, दारमो," पाक हार्जो येऊन सांगून गेला. "तुझा 'उद्या' म्हणजे पुढच्या पिकाचा तांदूळ. या वेळी तरी शब्द पाळ बाबा."

"रविवारी मिळेल. शब्द दिला," दारमो म्हणाला.

पहिल्या दिवशी त्याने माझ्या गळ्याशी रॉकेल सोडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पाना लावून हळूच दाबला. मी होते नव्हते ते बळ लावून नट धरून ठेवला. चौथ्या दिवशी तो 'कर्र' करून फिरला. चिमटा सुटला. माझे पुढचे चाक घरंगळत भिंतीला टेकले आणि मी मान खाली घालून गोणपाटावर पडले. आता उरलेली मी कुठल्या गावाला जाणार, एवढेच मनात होते.

पार्तिनी कामावरून आली आणि उंबऱ्यातच थबकली.

"बाबा, हे काय? एकीचे पाय कापून दुसरीला लावताय?"

"पाक हार्जोला शब्द दिलाय."

"शब्द सायकल चालती करायचा दिलाय. त्यांच्या चिमट्याची भेग बोटभरही नाही. सांधा तापवायचा, पितळ भरायचं, झालं. हे तुम्हीच शिकवलंत मला."

"मी आता झाळकाम करत नाही. माहीत आहे तुला."

"मग मी करते."

"तू जाळ्या जोडतेस, पोरी. खिडकीच्या जाळीवर बसून कोणी उतार उतरत नाही!" दारमोचा आवाज चिरकला. हातातला पाना त्याने खाली ठेवला, पण हात थरथरतच होता.

त्या थरथरीचे कारण मला ठाऊक होते, कारण ते रोज सकाळी रस्त्यावरून जात असे. सामिन नावाचा शेजारी. छपरीत येणारे लोक सांगत, अकरा वर्षांपूर्वी दारमोने झाळलेली त्याची सायकल पुलाच्या उतारावर मोडली होती. तेव्हापासून सामिन लंगडतो. रोज जाताना तो छपरीकडे बघून हात हलवी आणि दारमो रोज खाली वाकून काहीतरी शोधत बसे. मित्रांनो, तेव्हा माझ्या ध्यानात आले की छपरीत मी एकटीच भित्री नव्हते. दारमोही भीतीपोटी धडधाकट सायकली मोडत होता.

पार्तिनी मग भांडली नाही. तिने मला उचलून भिंतीला टेकवले, माझा चिमटा पुसून माझ्याजवळ ठेवला आणि पाक हार्जोच्या सायकलचा चिमटा काढून लोखंडी शिकंज्यात पकडला. "तुम्ही नुसतं बघा," ती म्हणाली. "चुकलं तर ओरडा."

गॅसची ज्योत पेटली. आग बघितली की माझा रंग आपोआप आक्रसतो. लोखंड आधी काळे, मग चेरीसारखे लाल झाले. दारमो कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून उभा होता.

"जवळ नको... आणखी तापू दे," तो अस्पष्ट बोलला. थोड्या वेळाने एक पाऊल पुढे आला. "आता. आता लाव पितळ. पळू दे त्याला, आपणहून आत जाईल." आणखी एक पाऊल. शेवटी त्याचा काळा हात तिच्या मनगटाखाली आधाराला होता आणि दोघांचे हात मिळून स्थिर झाले होते.

सांधा थंड झाला. दारमोने हातोडीने ठोकून बघितला, भिंग लावून बघितला, पुन्हा ठोकला. सायकल जोडून झाली. पण बसणार कोण? पार्तिनी पुढे झाली तशी त्याने हँडल घट्ट धरले. "नाही. तू नाही." स्वतः बसायला गेला, तर पाय उचलेना.

"ज्योतीचा आवाज ऐकला म्हणून आलो," दारातून कोणीतरी म्हणाले. सामिन होता. "झाळलंस ना, दारमो? दे इकडे. मी बसतो."

"तू? अरे, तुझा पाय..."

"माझा पाय आहेच वाकडा. आता माझं आणखी काय वाकडं होणार?"

पार्तिनीला हसू फुटले. दारमोला नाही फुटले. सामिन चढला, पुलाच्या दिशेने निघाला, आणि सत्तरीचा दारमो सीटला हात लावून त्याच्याबरोबर धावू लागला.

"सोड रे! लहान पोराला शिकवतोयस का?"

"नाही सोडत!"

छपरीतून मला पुलाचा चढ दिसतो, उतार दिसत नाही. ते दोघे चढावरून पलीकडे गेले आणि दिसेनासे झाले. पार्तिनी रस्त्याच्या मधोमध उभी होती. धडपडल्याचा आवाज येतो का, ते मी कान देऊन ऐकत होते. किती वेळ कोणीच आले नाही.

मग सायकल परत चढावर दिसली. सामिन दोन्ही हात सोडून घंटीसारखा खणखणीत ओरडत होता आणि मागून दारमो धापा टाकत, लुंगी सावरत चालत येत होता. त्याने सीट सोडली होती. जवळ आल्यावर तो सामिनसमोर उभा राहिला.

"अकरा वर्षं हात हलवतोय तुला," सामिन म्हणाला. "माझा खांदा दुखायला लागला रे."

पाक हार्जोची सायकल रविवारी इमोगिरीला गेली. माझा चिमटा पार्तिनीने ग्रीस लावून पुन्हा माझ्यात बसवला. दारमोने माझा रंग खरवडला नाही. गंज तेवढा काढला, तेल दिले, नवे टायर चढवले. आता पार्तिनी माझ्यावरून कामाला जाते. पुलाचा उतार आला की मी अजूनही घाबरते आणि माझे ब्रेक किंचाळतात. ती नुसती हसते आणि म्हणते, "चल गं."

मित्रांनो, तुमच्या घरामागे, माळ्यावर, गोठ्यात माझ्यासारखे कोणी उभे असेल. आम्हाला ओरडता येत नाही. एखादा भाग मोडला, तर तो दुसऱ्या कुणाकडून काढून आणण्याआधी तुमच्याकडे दोन हात आहेत हे आठवा. ते थरथरले तरी चालेल. फक्त शेजारी कोणाला तरी उभे राहायला सांगा.