भिंत नसलेला रस्ता

बेलफास्टच्या त्या भागात भिंत घरांपेक्षा उंच आहे. अलीकडे प्रॉटेस्टंट, पलीकडे कॅथलिक, आणि फेकलेले दगड अडवायला मागच्या खिडक्यांना दोन्हीकडे लोखंडी जाळ्या. दगडाला कुठला आलाय धर्म? लॉर्ना मॅकिल्वीन अलीकडची. पण तिची एक मैत्रीण पलीकडची होती, आणि त्या मैत्रिणीचं नावही तिला ठाऊक नव्हतं.

हे सगळं डोळ्यांवर चढवायच्या, आभासी जग दाखवणाऱ्या त्या हेडसेटपायी. लॉर्ना त्याला घोड्याची झापडं म्हणायची. दर गुरुवारी संध्याकाळी वस्तीच्या सभागृहात झापडं चढवली की आपलाच रस्ता दिसायचा, फक्त भिंत नसलेला. पलीकडची माणसं त्यांच्या सभागृहात बसून त्याच रस्त्यावर यायची. सगळ्यांची अंगं निळी, चेहरा कुणालाच नाही. नाव, गल्ली, शाळा, चर्च सांगायचं नाही, हा नियम. एक अलीकडचा, एक पलीकडचा अशा जोडीनं बंद पडलेली दुकानं रंगवायची. असं केल्यानं मनातलं वैर कमी होतं, असं शिकलेल्या लोकांचं म्हणणं. लॉर्ना गेली ती फुकटच्या चहा-बिस्किटांसाठी, आणि हे ती कुणालाही सांगायची.

पण जोडीदारीण भेटली मोठी तोंडाळ. "रंग देतेयस की भिंतीला आंघोळ घालतेयस गं?" पहिल्याच दिवशी तिनं विचारलं. तिथून जमलं. दोघी मिळून नवऱ्यांना आणि पावसाला शिव्या घालायच्या.

"आमच्या मागच्या खिडकीची जाळी एका कोपऱ्यातून लोंबतेय," ती एकदा म्हणाली. "सरकारी घरखात्याला सांगून सांगून जीभ झिजली. आईला जिना चढवत नाही, तिथंच झोपते बिचारी."

"मग तारेनं बांध की."

"तुझा नवरा पाठव ना, भिंतीवरून उडी मारून!"

दोघी पोट धरून हसल्या होत्या.

त्यानंतरच्या मंगळवारी लॉर्ना मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. स्वयंपाकघरात तिचा दीर ट्रेव्हर दोस्ताशी बोलत होता. दर जुलैत प्रॉटेस्टंट वस्त्या जुन्या विजयाच्या सणाला मोठी आग पेटवतात, तिची तयारी चाललेली; मैदानात लाकडी फळ्यांचा डोंगर रचून झाला होता.

"शुक्रवारी आग पेटली की सगळे तिकडं बघणार," ट्रेव्हर म्हणाला. "तेव्हाच बाटल्या टाकायच्या. भिंतीतल्या फाटकाच्या गजांतून ती लोंबती जाळी दिसते बघ, तीच खिडकी. तिथं कोण राहत नाही, दगड मारणारी कार्टी बसतात."

बाटल्या म्हणजे पेट्रोलच्या. हे लॉर्नाला कुणी सांगायला नको होतं.

आत जाऊन सांगावं, की अरे, तिथं म्हातारी झोपते? पण मग तो विचारणार, तुला कसं कळलं? पोलिसांना कळवावं तर फोन कुणी केला हे आज ना उद्या फुटणारच. आणि खबऱ्याचं काय होतं हे वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. एकाचे गुडघे फोडले होते. एक बाई पोराबाळांसकट घर सोडून गेली, ती पुन्हा कुणाला दिसली नाही. ट्रेव्हर तसा मायाळू. लॉर्नाच्या लेकीच्या लग्नात सगळ्यात जास्त तोच रडला होता. पण त्याच्या मायेला भिंतीपलीकडे वाट नव्हती.

गुरुवारी सभागृहात ती एकटीच आली. बाकीचे मैदानात होते. देखरेखीची मुलगी किटली भरायला आत गेली, तशी लॉर्नानं झापडं चढवली.

"आज गप्प का गं? दात दुखतोय का?" निळ्या बाईनं विचारलं.

"ऐक. उद्या आईला मागच्या खोलीत झोपवू नकोस."

दुकानाच्या भिंतीवर फिरणारा ब्रश थांबला. "काय म्हणालीस?"

"बाटल्या येणारेत. त्या जाळीच्या खिडकीतून."

तेवढ्यात खुर्ची घासल्याचा आवाज आला. रस्त्यावर तर खुर्ची नव्हती. त्या जगात शिरलं की माणूस विसरतोच, आपला आवाज मात्र इथंच, खोलीत उमटत असतो. लॉर्नानं झापडं काढली.

दारात ट्रेव्हर उभा होता. मैदानात न्यायच्या घडीच्या खुर्च्या त्याच्या काखेत होत्या. त्यानं त्या एकेक करून खाली ठेवल्या.

"कुणाची आई गं, लॉर्ना?" त्यानं हळूच विचारलं.

मांडीवरच्या हेडसेटमधून बारीक आवाज येत होता. "उद्या कधी? अगं, कधी? शेजारी लहान पोरं आहेत, सांग ना!"

तो ट्रेव्हरनंही ऐकला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला, आणि ते बघून लॉर्नाला आणखीच भीती वाटली. घाबरलेला माणूस काहीही करतो.

"दे इकडं," हात पुढं करत तो म्हणाला. "झाला तेवढा खेळ पुरे."

बाहेर जायचं दार त्याच्या मागं होतं. आतल्या खोलीत किटली नुसती खदखदत होती. आता झापडं चढवली तर तो दिसणार नाही. किती जवळ आलाय, हातात काय घेतलंय, काही कळणार नाही.

तिनं झापडं चढवली. रस्त्यावर लख्ख ऊन होतं.

"आग पेटली की लगेच," ती मोठ्यानं म्हणाली. कुजबुजण्यात आता काही अर्थ उरला नव्हता. "शेजारच्यांनाही बाहेर काढ."

ऐकताच निळी बाई रस्त्यावरून नाहीशी झाली. फरशीवर ट्रेव्हरची पावलं वाजली, आणि लॉर्नाच्या खांद्यावर त्याचा हात पडला.