बॅजरच्या विष्ठेचा नकाशा

एप्रिलच्या अठ्ठावीस तारखेला सकाळी साडेसातला हेस्टर प्रॉसर अपर ओकल गावच्या चर्चमागे, कुंपणाशी गुडघे टेकून बसली आणि तिला घाम फुटला. कुंपणाकडेचे छोटे खड्डे रिकामे होते. नुसते रिकामे नव्हेत, चाटूनपुसून साफ.

बॅजर, म्हणजे बिळात टोळीनं राहणारे हे निशाचर प्राणी, विष्ठेसाठी असे खड्डे खणतात, रोज तिथेच जातात. हेस्टरचा सगळा डाव त्या खड्ड्यांवर होता. गावाला खालच्या कुरणात दवाखाना हवा होता आणि कुरणात बॅजरचं बीळ होतं. कायदा सांगतो, या टोळीला दुसरं घर आहे हे दाखवा, मगच हे बंद करा. म्हणून पंधरा दिवस हेस्टर भुईमुगाचे दाणे पाकात घोळवून त्यात प्लॅस्टिकचे बारीक मणी मिसळत होती. कुरणातल्या बिळाशी निळे, रानातल्या बिळाशी पिवळे. बॅजरनं रात्री खायचं, मणी जसेच्या तसे बाहेर पडायचे. एकाच खड्ड्यात दोन्ही रंग सापडले तर टोळी एक, घरं दोन. या पाहणीचा हंगाम तीसला संपत होता. मग थेट पुढचा वसंत, आणि गावात यायला तयार झालेली डॉक्टरीण तोवर थांबणार नव्हती. वन्यजीव पाहणीच्या अहवालावर पहिल्यांदाच हेस्टरची एकटीची सही होणार होती.

"कसं लखलखतंय, नाही?" मागून आवाज आला. गावच्या स्वच्छता समितीतली मेव्हिस ट्रँटर, हातात चिमटा आणि पिशव्यांची गुंडाळी. "उद्या सुंदर गाव स्पर्धेचे परीक्षक येतायत. आठवडाभर रोज पहाटे उचलतोय आम्ही."

"मिसेस ट्रँटर, ती कुत्र्यांची नव्हती. बॅजरची होती."

"परीक्षक काय ओळखपत्र मागणारेत?"

"आत रंगीत मणी दिसले नाहीत तुम्हाला?"

"दिसले की! आम्हाला वाटलं, लँबर्टच्या कुत्र्यानं पुन्हा नातीची माळ खाल्ली."

हेस्टरनं साहेबांना फोन लावला. ग्विलियम पंचवीस वर्षं हेच काम करत होते. "जागा गेली की पुरावा गेला, पोरी," ते म्हणाले. "कुठे होती ते कळल्याशिवाय विष्ठा म्हणजे नुसती घाण. पुढच्या वर्षी बघू."

"फेकलीत कुठे?" हेस्टरनं फोन ठेवता ठेवता मेव्हिसला विचारलं.

"फेकतोय कशाला? ऑब्री फेकू देईल तर ना!"

ऑब्री स्कडमोर हे स्वच्छता समितीचे अध्यक्ष. जन्मभर जिल्हा कचेरीत जमिनींचे नकाशे काढून निवृत्त झालेले. त्यांनी गॅरेजचं दार वर केलं आणि हेस्टर जागीच थिजली. दोऱ्यांवर कपड्यांच्या चिमट्यांनी एक्काहत्तर पिशव्या ओळीनं टांगलेल्या. प्रत्येकीवर चिठ्ठी : तारीख, वेळ, उचलणाऱ्याचं नाव, नकाशातला चौकोन, जवळच्या झाडापासून पावलं.

"हे... कशासाठी?"

"नोटिसा द्यायला. मालक म्हणतात, आमचा कुत्रा तिथे फिरकलाच नाही. मग पिशवी समोर धरायची."

हेस्टरला हसू आलं ते थांबेना. शेवटी ती गवत कापायच्या यंत्रावर बसली. तिनं पुन्हा फोन लावला, तेव्हा ग्विलियमनाही हसता हसता ठसका लागला. मग म्हणाले, "चिठ्ठीवर जाऊ नकोस. ज्यानं उचलली त्याला जागेवर उभा कर. खड्डा दिसला तर धर, नाही तर खोड."

नऊ वाजता मिरवणूक निघाली. पुढे नकाशा घेऊन हेस्टर, मागे आपापल्या पिशव्या मिरवत अकरा गावकरी.

"माझ्या नऊ!"

"त्यातल्या चार तुझ्याच कुत्र्याच्या."

"माझा कुत्रा असल्या गवतात बसत नाही."

दुपारी तीनपर्यंत सत्तर झाल्या. बेचाळीस धरल्या, अठ्ठावीस खोडल्या. हेस्टरचा चेहरा मात्र उतरत चालला होता. निळे सगळे ओढ्याच्या अलीकडे, पिवळे सगळे पलीकडे. दोन रंग, दोन टोळ्या. म्हणजे दवाखाना बुडाला.

शेवटची पिशवी मेव्हिसची. चिठ्ठीवर लँबर्टचं अंगण. अंगणात खड्डा सोडा, साधा ओरखडाही नव्हता. हेस्टरनं खोडायला पेन्सिल टेकवली.

"थांब," मेव्हिस म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "तिथली नाही ती."

"मेव्हिस!" ऑब्री ओरडले. "खोटी चिठ्ठी?"

"माझ्या गुलाबांखालची आहे. तीन वर्षं बक्षीस मिळालंय त्या वाफ्याला. मग काय सगळ्यांना सांगायचं, तिथे बॅजर बसतात म्हणून?"

सगळे धावतच ओढ्यावरच्या पुलाजवळ मेव्हिसच्या बागेत गेले. गुलाबांखाली पाच खड्डे होते. गावभर चिमटा घेऊन हिंडणाऱ्या मेव्हिसला त्या दिवशी स्वतःची बाग राहून गेली होती. पाचव्यात त्याच पहाटेची ताजी भर होती. हेस्टर पोटावर आडवी झाली. काडीनं हळूच उकरलं. निळा मणी. निळा. आणखी एक निळा. मग पिवळा.

"दोन्ही!" हेस्टर किंचाळली. "एकाच खड्ड्यात दोन्ही!"

लँबर्टनं टोपी उडवली, ती गुलाबांत अडकली. कोणी कोणाला मिठ्या मारत होतं, मेव्हिस रडत होती आणि वाफ्यात पाय देऊ नका म्हणून दटावतही होती.

"शांतता!" ऑब्रींचा आवाज चढला. "नोंद अजून झालेली नाही." ते मेव्हिसच्या स्वयंपाकघराच्या दाराशी गेले, टाच उंबऱ्याला लावली आणि चालू लागले. अख्खा गाव त्यांच्याबरोबर एका सुरात पावलं मोजत होता. हेस्टर मातीत पालथी, पेन्सिल नकाशावर धरून, आकड्याची वाट पाहत राहिली.