सात नंबरचं खोकं

“पावसात माती वाळती व्हय, ताई?” हिर्डोशीच्या शाळेच्या पडवीत उभा राहून याकूब मोबाईलवर ओरडत होता. रेंज तेवढी तिथंच मिळायची.

“काका, ओल बासष्टच्या वर गेली तर वस्ती हलवायची,” पुण्याच्या ऑफिसातून शिवानी म्हणाली. “आता तर अठ्ठावन्नच आहे.”

“काल एकसष्ट हुतं. रातभर धो-धो पाऊस, आन आकडा उतरतोय! खोटं बोलतंय कुनीतरी. बघून येतो.”

भोरमध्ये तीस वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्त केल्यावर याकूबला डोंगरावरची दरडीचा इशारा देणारी ही नऊ खोकी सांभाळायचं काम मिळालं होतं. प्रत्येकाची सळई मातीत रोवलेली. खोकं ओल मोजायचं, शेजारच्या खोक्यांना आपला आकडा सांगायचं, त्यांचा ऐकायचं आणि आपला आकडा थोडा त्यांच्या आकड्याकडे सरकवायचं. असं करत नऊ जणांचा मिळून एक सरासरी आकडा ठरायचा आणि तेवढाच पुण्याला जायचा. वर कुणी साहेब नाही, हे याकूबला भारी आवडायचं. मात्र कोण चुकतंय ते पुण्यात बसून कळत नसे. त्यासाठी डोंगर चढावा लागे, आणि त्या बाबतीत छप्पन्नाव्या वर्षीही याकूबचा हात धरणारं कुणी नव्हतं.

सहा खोक्यांना त्याने हातातलं मीटर लावलं. सगळीकडे चौसष्टच्या आसपास. सातव्याच्या जागी नुसता खड्डा, पाण्याने भरलेला.

“याकूबभाई, हितं हाय!” म्हातारा सोनबा गोठ्यातून हाक मारत होता. “लई भिजत हुतं वो बिचारं. काल सांजच्याला आत आनलं.”

पाऊस फार झाला की वस्तीवर सरपण, कोंबड्या, बियाणं, सगळं गोठ्यात येई. त्याच रीतीने खोकंही आलं होतं. म्हशीशेजारच्या कोरड्या मातीत सोनबाने सळई नीट रोवली होती. याकूबला आधी हसू आलं, मग त्याने घाईने सळई उपटली.

“नाना, त्याचं कामच भिजायचं हाय. ते हितं बसून कोरडं कोरडं म्हनतंय, आन बाकीची आठ त्याचं बी ऐकत्यात!”

त्याने खोकं जागेवर नेऊन रोवलं. आकडा हळूहळू चढला. एकोणसाठ, एकसष्ट, चौसष्ट. खोक्यावरचा लाल दिवा लागला.

“म्हस सोडा, नाना. सगळ्यांनी शाळेत चला.”

“पर घर...”

“म्या सांगतोय न्हवं? चला.”

दुपारपर्यंत वस्तीतली सातही घरं शाळेत आली. तीनच्या सुमाराला डोंगराचा एक पदर खाली बसला. सोनबाचं घर, गोठा आणि दोन भातखाचरं गेली. माणसं सगळी होती. याकूबने दोनदा मोजली.

शिवानीचा फोन आला. “काका, आकडा का उतरला होता? रिपोर्टमध्ये कारण लिहावं लागेल.”

सोनबा शेजारीच उभा होता. त्याने मान खाली घातली. याकूबला त्याचं वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली. दोन वर्षं तो सोनबाच्या गोठ्यात बसून चहा पीत आला होता, पण खोकं काय करतं हे त्याने कधी सांगितलं नव्हतं.

“लिहा, सात नंबरच्या खोक्याची जागा हलली हुती,” तो म्हणाला. “गावाला त्याचं काम समजावलं न्हाई, ही माजी चूक. माजं नाव लिहा.”

धार काढायची वेळ झाली तशी म्हैस सवयीने घराच्या वाटेकडे ओढू लागली. सोनबा दोन्ही हातांनी दावं धरून उभा राहिला.